आतली तांबोशी

बोट धक्क्याला लागताना ताईने सवयीप्रमाणे आधी पाण्याकडे पाहिलं, बोट किती खाली बसली आहे ते. चांगली खाली बसली होती. आधीच्या खेपा जवळजवळ रिकाम्या गेल्या होत्या, त्यामुळे तिला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण दोर फेकताना तिचा धाकटा भाऊ तिच्या नजरेला नजर देत नव्हता. हा भाऊ लहानपणापासून असाच. काही करून आला की तोंड उघडायच्या आधी त्याचे कान लाल व्हायचे.

बोटीचा तांडेल तो, आणि बोट ताईच्या नावावर. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी वाटणीच तशी केली होती: परवाना आणि पॅकिंगची शेड थोरलीकडे, सुकाणू धाकट्याकडे. "एकाकडे डोकं, एकाकडे हात," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि कुणाकडे काय ते मुद्दाम सांगायचे नाहीत. अख्खा धक्का भावाला बारक्या म्हणायचा. दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढा उंच, दोन मुलांचा बाप, पण बारक्याच.

निळे ट्रे उतरायला लागले. सगळी तांबोशी. लालबुंद, जाड पाठीची, बर्फाखालीही डोळे चकचकीत.

"कुठे लागली एवढी?"

"बाहेर."

"बाहेर कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. तू बर्फ टाक ना लवकर."

कान लाल झाले होते. पुढे काही विचारायच्या आत शेडच्या दारात मत्स्य निरीक्षक उभा राहिला. इस्त्रीच्या शर्टावर रबरी बूट घालणारा हा माणूस एरवी हसतमुख असायचा. आज हसला नाही.

"ताई, तुमच्या बोटीवरचा डबा पहाटे मुका झाला होता," तो म्हणाला.

प्रत्येक बोटीवर एक डबा असतो. बोट कुठे आहे ते तो अधूनमधून बंदर कार्यालयाला कळवत राहतो. तो मुका झाला म्हणजे तेवढा वेळ बोट कुठे होती ते देवालाच ठाऊक.

"वायर सैल होते त्याची," बारक्या पुढे होत म्हणाला. "मागेही झालं होतं. धुक्याचा ओलावा बसतो."

"असेल," निरीक्षक म्हणाला. "मुका झाला तेव्हा तुम्ही आखाताच्या तोंडाशी होतात, एवढंच मला माहीत आहे." त्याने पिशवीतून छोटी कात्री आणि बोटाएवढ्या नळ्या काढल्या. मग प्रत्येक ट्रेमधल्या काही माशांच्या शेपटीचा नखाएवढा तुकडा कापून एकेका नळीत टाकला. "मासा विका, त्याला माझी हरकत नाही. मला एवढंच पुरे. हे मासे आतले की बाहेरचे, ते प्रयोगशाळा सांगेल."

तो गेल्यावर ताईने भावाला दंडाला धरून शीतघरात नेलं आणि दार ओढून घेतलं.

"आत गेला होतास?"

बारक्या बूट फरशीवर घासत राहिला. तोंडातून वाफ निघत होती फक्त.

"अरे बोल की!"

"मधल्या खडकावर," तो म्हणाला. "बाहेर काही लागत नव्हतं, ताई. धुकं असं की हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. आखाताच्या तोंडाशी आलो आणि मासे दाखवणाऱ्या पडद्यावर बघतो तर आत नुसता थर. थर! माणसं कंटाळलेली, पोरांची तोंडं उतरलेली. म्हटलं, एकदाच. धुक्यात माणसांनाही कळलं नाही कुठे आहोत ते."

"डबा तू बंद केलास?"

"मग काय वायरने केला?"

ताई बर्फाच्या पोत्यावर मटकन बसली.

दुसऱ्या कुणाच्या बोटीने हे केलं असतं तर दंड झाला असता, चार दिवस धक्क्यावर चर्चा झाली असती, संपलं असतं. पण हे आखात बंद केलं होतं तेच मुळी यांच्या वडिलांच्या शब्दावर. आतली तांबोशी संपत चालली आहे, असं प्रयोगशाळेने सांगितलं तेव्हा सगळा धक्का तिथल्या लोकांना मारायला उठला होता. फक्त बाबा भर सभेत उभे राहिले आणि म्हणाले की माझी बोट उद्यापासून आत जाणार नाही, ज्याला माझं तोंड बघायचं असेल त्याने जाऊ नये. लोकांनी शिव्या घातल्या. कुणीतरी रात्रीतून त्यांच्या बोटीचे दोर कापले. पण आखात बंद झालं आणि बंद राहिलं. त्याला आता सहा वर्षं होत आली होती, आणि पुढच्या हंगामात ते उघडायचं ठरत होतं. आत मासा पुन्हा भरला आहे, असं मोजणीत दिसत होतं. पहिली बोट आत जाईल तिच्यावर बाबांना मानाने बसवायचं, असंही मच्छीमार संघटनेने ठरवलं होतं. तेव्हापासून बाबा रोज दाढी करत होते.

"परवाना जाईल," ताई म्हणाली. "आणि बाबांना कळलं तर..."

"कळणार नाही."

"तुकडे घेऊन गेलाय तो!"

बारक्याने शीतघराचं दार ढकललं आणि बाहेर गेला.

मग सुरू झालं वाट बघणं. ताईचा जीव टांगणीला लागला. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. कुणी शेडच्या दारात उभं राहिलं आणि उन्हामुळे चेहरा दिसला नाही, की तिला आधी इस्त्रीचा शर्टच दिसायचा. वजन करताना आकडे चुकायला लागले. एका गिऱ्हाईकाने विचारलं, "ताई, बरं नाही का?" तर ती एवढ्या जोरात "मला काय झालंय?" म्हणाली की तो बिचारा दोन पावलं मागे सरला. घरी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून गळांना धार लावत असायचे आणि विषय एकच.

"आतल्या तांबोशीची गोष्टच वेगळी," ते म्हणायचे. "ती घरकोंबडी आहे. आखात सोडून जात नाही. मी तर म्हणतो, पहिल्या दिवशी गळ टाकायचाच नाही. नुसतं आत जाऊन यायचं."

"हो बाबा," ताई म्हणायची आणि ताटातला घास ताटातच फिरवत राहायची.

निकाल निरीक्षकाने आणला नाही, फुटपट्टीने आणला. फुटपट्टी म्हणजे प्रयोगशाळेतली शास्त्रज्ञ बाई. ती आठवड्यातून एकदा शेडमध्ये यायची, लाकडी पट्टीवर मासे आडवे ठेवून त्यांची लांबी मोजायची, कानातलं बारीक हाड काढून डबीत भरायची. धक्क्याने तिचं बारसं पहिल्याच दिवशी केलं होतं. तिलाही ते ठाऊक होतं आणि तिने ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

"ताई, पेढे द्या," ती दारातूनच म्हणाली. "सुटलात तुम्ही."

ताईच्या हातातलं फावडं बर्फात तसंच राहिलं. "म्हणजे?"

"सगळे मासे बाहेरच्या समुद्रातले. एकही आतला नाही. निरीक्षक साहेबांना मी सकाळीच कळवलं. थोडे खट्टू झाले, पण काय करणार!"

ताई हसली. हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिने एप्रनच्या टोकाने पुसलं. मनात म्हणाली, सुटलो. मग तिने विचारलं, का ते तिचं तिलाच कळलं नाही, "पण मॅडम, आतला आणि बाहेरचा, तांबोशी ती तांबोशीच ना? कसं ओळखता?"

फुटपट्टीला असं कुणी विचारलं की तिची कळी खुलायची. "दिसायला सारखीच हो. पण आतली पिढ्यान्‌पिढ्या आतच वाढते, आतच अंडी घालते. बाहेरच्यांशी तिची सोयरीकच होत नाही. शेकडो पिढ्या अशा गेल्या की दोन भावकी पडतात. पेशीतल्या खुणा वेगळ्या होतात. आखात बंद करायच्या आधी आम्ही आतल्या माशांच्या खुणा जपून ठेवल्यात, त्यांच्याशी ताडून बघायचं."

"आणि यंत्र चुकलं तर?"

"एखाद्या माशात चुकेल. सगळ्याच्या सगळ्या माशांत कसं चुकेल?" ती पट्टी काखेत मारून निघाली. "बाबांना सांगा, लवकरच आखात उघडतंय."

ताईने पुन्हा फावडं उचललं. आनंद अजून अंगात होता, पण त्याच्याखाली काहीतरी गार सरकत होतं. मासे मधल्या खडकावरचे. मधला खडक आखाताच्या पोटात. आणि मासे बाहेरचे.

संध्याकाळी तिने बारक्याला जाळ्यांच्या खोलीत गाठलं. त्याला बातमी आधीच लागली होती. शीळ घालत होता.

"तू नक्की आत गेला होतास?"

"आता कशाला उकरतेस?"

"धुकं होतं. चुकून बाहेरच असशील."

बारक्याचा मान दुखावला. "ताई, मी काय काल समुद्रात उतरलोय? खोली बघितली मी. दोन दगडांमधली घळ पडद्यावर दिसत होती. मी शेंबडा होतो तेव्हा बाबांनी दाखवलेली जागा आहे ती. आत म्हणजे आतच."

"मग आतले मासे कुठे गेले, बारक्या?"

त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग खांदे उडवले. "मला काय माहीत! आणि एका परीने बरंच झालं की. मासे बाहेरचे, म्हणजे मी आतला मासा मारलाच नाही. गुन्हाच नाही झाला!" स्वतःच्याच युक्तिवादावर तो खूश झाला. ताई मात्र हसली नाही.

त्या दिवसापासून तिची भीती संपायच्या ऐवजी कूस बदलून बसली. आधी वाटत होतं, कुणाला तरी कळेल. आता वाटायला लागलं, कुणालाच कळणार नाही. आत पडद्यावर दिसणारा थर कुणाचा आहे, हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक शीळ घालत होता.

पुढच्या खेपेला फुटपट्टी मासे मोजायला आली तेव्हा ताई पाण्याचा पाइप हातात घेऊन उगाचच तिच्याजवळची फरशी धूत राहिली.

"मॅडम, आतली मोजणी कशी करता हो तुम्ही?"

"बोटीखाली आवाज सोडतो, तो माशांवर आपटून परत येतो, पडद्यावर दिसतो. आत गळ टाकायला आम्हालाही बंदी. ज्यांना जपायचं त्यांनाच मारून कसं तपासणार?"

"म्हणजे मासा दिसतो. त्याची भावकी दिसत नाही."

"नाही दिसत."

"मग समजा... समजा हं, आतले कमी झाले आणि मोकळी जागा बघून बाहेरचेच आत चरायला आले. तर?"

फुटपट्टीचा हात पट्टीवरच थांबला. "तसं आजवर दिसलं नाहीये. पण तसं असेल तर आम्ही जे मोजलं ते सगळंच..." ती बोलता बोलता थांबली. "बाहेरचे अंडी घालायला बाहेर जातात. आतले थोडे उरले असतील आणि आपण आखात उघडलं, तर पहिल्या दोन महिन्यांत तेही संपतील. मग कायमचे." तिने चष्म्यातून ताईकडे रोखून पाहिलं. "तुम्ही का विचारताय?"

"सहज."

पाइपचं पाणी तिच्या स्वतःच्याच बुटात शिरत होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

घरी गेली तेव्हा तिने ठरवलं, बाबांना सांगायचं. ज्याने आखातासाठी दोर कापून घेतले तो माणूस म्हणेल, चल, आत्ता जाऊन सांगू. तिला खरं तर तेच हवं होतं. कुणीतरी हाताला धरून न्यायला हवं होतं.

तिने सगळं सांगितलं. डबा, धुकं, मधला खडक, नळ्या, निकाल. बाबा गळाला धार लावत होते ते थांबले. बारक्याचं ऐकून चेहरा रागाने लाल झाला, पण पुढचं ऐकता ऐकता तो राग कुठे विरला ते कळलंच नाही. मागे उरला एक म्हातारा, आणि तो तिला अनोळखी वाटला.

"कुणाकुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"कुणाला नाही. आधी तुम्हाला."

"मग कुणाला सांगू नकोस."

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बाबा, आखात उघडलं तर..."

"गप्प बस म्हटलं ना!" गळ त्यांच्या हातातून खाली पडला. "एवढी वर्षं मी शिव्या खाल्ल्या. माझ्यामुळे लोकांनी बोटी विकल्या. आता जाऊन सांगू की सगळं फुकट गेलं? आणि सांगणार कोण, तर माझाच पोरगा चोर म्हणून? त्यांची यंत्रं आहेत, त्यांची माणसं आहेत. त्यांचं ते बघतील."

"त्यांना दिसत नाही, बाबा. ते तर मी सांगतेय."

बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. ताईने वाकून गळ उचलला, त्यांच्या बाजूच्या डब्यात ठेवला आणि आत गेली. स्वयंपाकघरात उभी राहून ती रडली, आवाज न करता.

सकाळी ती शेडऐवजी प्रयोगशाळेकडे गेली. वाटेत दोनदा परत फिरली. एकदा तर बंदराच्या फाटकापर्यंत मागे आली, तिथल्या रखवालदाराने "काही विसरलात का?" विचारलं, तेव्हा पुन्हा वळली. परवाना तिच्या नावावर, म्हणजे नाव तिचं जाणार. बारक्याची बायको काय म्हणेल, त्याच्या मुलांच्या शाळेचं काय, बोटीवरच्या माणसांना काय सांगायचं, सगळं डोक्यात गरगरत होतं. पण मधल्या खडकावर अजूनही कुठे दोन-चार मासे असतील, आपल्या भावकीतले शेवटचे, हेही त्याच गरगरण्यात होतं, आणि ते काही केल्या बाजूला होत नव्हतं.

फुटपट्टी एका अरुंद खोलीत बसली होती. चोहीकडे फ्रिज, आणि त्यांची घरघर.

"मॅडम, ते मासे आतले होते," ताई दारातूनच म्हणाली. बसली असती तर बोलता आलं नसतं.

"कुठले?"

"आमचे. माझ्या भावाने मधल्या खडकावर पकडले. डबा त्याने बंद केला होता. तुमचं यंत्र चुकलं नाही. मासे बाहेरचेच, पण पकडले आत."

फुटपट्टीने हातातली नळी खाली ठेवली. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. रागावेल, असं ताईला वाटलं होतं. पण ती घाबरली होती. "सगळे?" तिने पुटपुटत विचारलं. "त्या सगळ्यांत एकही आतला नाही?" मग स्वतःशीच, "आणि आम्ही उघडायला निघालो होतो."

मग भानावर येऊन म्हणाली, "ताई, हे मला वर कळवावं लागेल. तुमच्या नावासकट. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय म्हणून तर दारात उभी आहे."

पुढे जे व्हायचं ते झालं. परवाना एका वर्षासाठी गोठवला. बोट धक्क्याच्या टोकाला बांधली. बारक्या शेडमध्ये येऊन ताईसमोर उभा राहिला आणि फक्त एवढंच म्हणाला, "सुटलो होतो आपण." त्यापेक्षा त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्याच्या बोटीवर तो खलाशी म्हणून जायला लागला. ताई इतरांचा मासा पॅक करून शेड चालवत राहिली. धक्क्यावरचे निम्मे लोक तिच्याशी बोलेनात. आखात उघडायचं लांबलं, त्यांचे मनसुबे पाण्यात गेले होते. घरात बाबा तिने वाढलेलं जेवत, पण तिच्याशी अवाक्षर बोलत नसत. दाढी करणं त्यांनी सोडून दिलं.

प्रयोगशाळेला आत मोजके गळ टाकायची परवानगी मिळाली. तुकडा कापून मासा परत सोडायचा, या अटीवर. जागा दाखवायला बारक्याला नेलं. त्याला जावंच लागलं, निरीक्षकाने दंडातच ते लिहिलं होतं. पुन्हा नळ्या भरल्या, पुन्हा वाट बघणं सुरू झालं, आणि ताईची तीच अवस्था: फोन, दार, धस्स. फरक इतकाच की या वेळी आपण नेमकी कोणत्या उत्तराची भीती बाळगतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फुटपट्टीने तिला बोलावून घेतलं.

"बहुतेक बाहेरचे," ती म्हणाली. "पण आतलेही आहेत. बोटांवर मोजण्याइतके. पण आहेत."

ताईने टेबलाची कड घट्ट धरली.

"आणि त्यातले दोन लहान आहेत. म्हणजे अजून आत अंडी घातली जातायत."

"वाढतील?"

"सांगता येत नाही, ताई. खोटं नाही बोलणार. इतक्या थोड्यांतून सावरतात कधी, कधी नाही सावरत. आखात बंद राहील एवढं नक्की."

घरी आली तर बाबा जेवायला बसले होते. तिने ऐकलं तसं सांगितलं, उत्तराची अपेक्षा न ठेवता, आणि पाणी आणायला उठली.

"लहान म्हणजे किती लहान?" मागून आवाज आला.

कित्येक दिवसांनी ऐकलेला तो आवाज घोगरा झाला होता. तिने वळून वीतभर हात करून दाखवला. बाबांनी तो हात बराच वेळ पाहिला.

"मग कुणीतरी आहे आत," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू सांगितलंस ते मला आवडलं नाही."

"माहीत आहे."

"अजूनही नाही आवडत." त्यांनी ताट पुढे सारलं. "बारक्याला म्हणावं, रविवारी जेवायला ये. दोघांना एकदमच झापतो. वेगवेगळं झापायची ताकद नाही राहिली."

रविवारी बारक्या बायको-मुलांना घेऊन आला. ताईशी थेट बोलला नाही, पण तिने वाढलेलं नको म्हटलं नाही. भावजय मध्येमध्ये काहीबाही बोलून शांतता बुजवत राहिली. मुलं उठून खेळायला गेल्यावर बारक्या ताटाकडे बघतच म्हणाला, "पुढच्या हंगामात परत आत जाणार आहेत तपासायला. मला विचारलंय."

"दंड तर फिटला ना तुझा?" ताई म्हणाली.

"फिटला. पण माझ्याशिवाय घळ सापडते का त्यांना? मागच्या वेळी तिसरीकडेच गळ टाकत बसले होते." मग त्याने मान वर केली. पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "आणि ताई, या वेळी एकही आतली नाही लागली, तर?"

ताईच्या हातातला डाव भांड्यावरच थांबला.

"जेव आधी," बाबा म्हणाले.